एंजल्स लँडिंगच्या पायथ्यापर्यंत : झायनमधील पार्किंग आणि शटल बसचा अनुभव

अमेरिकेच्या युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात एंजल्स लँडिंग नावाचा सुळका आहे. त्याच्या चढाईविषयी जाण्यापूर्वी मी पुष्कळ वाचले होते. शेवटच्या टप्प्यातील लोखंडी साखळ्या, दोन्ही बाजूंचे ताशीव कडे, परवान्याची सोडत आणि उन्हाचा तडाखा यांविषयी सगळेच भरभरून लिहितात. गाडी कुठे लावावी आणि चढाई जिथून सुरू होते तिथपर्यंत कसे पोहोचावे, हा विषय मात्र एका ओळीत उरकलेला असतो. आमच्या तीन दिवसांच्या मुक्कामातील पहिली सकाळ त्या एका ओळीवर विसंबल्यामुळे वाया गेली, आणि दुसऱ्या दिवशीची चढाई ठरल्या वेळी सुरू झाली ती केवळ आदल्या रात्री वाहतुकीची नीट आखणी केल्यामुळे. म्हणून या परीक्षणात सुळक्याविषयी फारसे काही सापडणार नाही. उद्यानाची मोफत शटल बस, स्प्रिंगडेल गावातील बस, उद्यानातील वाहनतळ आणि गावातील पैसे मोजून मिळणारी पार्किंगची जागा यांविषयीच मला लिहायचे आहे.

येथील व्यवस्था समजून घ्यायची तर आधी दरीची ठेवण ध्यानात घ्यावी लागते. मुख्य दरीत जाणारा रस्ता जेमतेम १० किलोमीटरचा आहे आणि तो टेंपल ऑफ सिनावावा या ठिकाणी संपतो. तिथून पुढे केवळ व्हर्जिन नदीचे अरुंद पात्र आणि वाळूखडकाच्या उभ्या भिंती आहेत. आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा रस्ता एकच, त्याच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला कडा, त्यामुळे तो रुंद करण्याची सोय निसर्गानेच ठेवलेली नाही. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या झायनमध्ये २०२४ साली ४९ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. इतकी माणसे आपापल्या गाड्या घेऊन या एका रस्त्यावर आली असती तर काय झाले असते, याची कल्पना करण्याची गरज नाही, कारण २००० सालापूर्वी तसेच होत होते. वाहनतळ अपुरे पडत, गाड्या रस्त्याच्या कडेच्या झाडोऱ्यावर चढवल्या जात आणि दरीत इंजिनांचा गोंगाट भरून राही. त्यावर तोडगा म्हणून २००० साली शटल बस सुरू झाली आणि बस चालू असण्याच्या काळात दरीचा रस्ता जिथून फुटतो त्या कॅन्यन जंक्शनच्या पुढे खासगी वाहनांना मज्जाव करण्यात आला. दरीतील लॉजमध्ये ज्यांची खोली राखून ठेवलेली असते, त्यांना तेवढी लॉजपर्यंत गाडी नेण्याची मुभा मिळते. बाकी सर्वांना, कितीही लवकर उठले तरी, बस, सायकल किंवा स्वतःचे पाय यांवरच अवलंबून राहावे लागते.

आम्ही ऑक्टोबर महिन्यात गेलो होतो. बरोबर पत्नी, १३ वर्षांची मुलगी आणि माझी आई होती. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे ती चढणार नव्हती, परंतु दरी पाहण्याची तिला आम्हा सर्वांपेक्षा जास्त उत्सुकता होती. पहिल्या दिवशी सकाळी सव्वानऊच्या सुमारास आम्ही भाड्याची गाडी घेऊन दक्षिणेकडील प्रवेशद्वारापाशी पोहोचलो. दारावरच्या रांगेत पंचवीसेक मिनिटे गेली, प्रवेशशुल्क भरले आणि आत वळताच अभ्यागत केंद्राचा वाहनतळ भरल्याचा फलक दिसला. तरीही एखादी जागा मिळेल या आशेने आम्ही दोन चकरा मारल्या. प्रत्येक ओळीत आमच्यासारख्याच तीन-चार गाड्या संथपणे फिरत होत्या आणि कोणी पाठीवरची पिशवी घेऊन एखाद्या गाडीच्या दिशेने चालू लागले की सगळ्यांच्या नजरा तिकडे वळत होत्या. तो मनुष्य गाडीतून फक्त टोपी घेऊन परत जाई. पाऊण तासानंतर आम्ही हार मानली आणि ज्या दारातून शुल्क भरून आत आलो होतो त्याच दारातून बाहेर पडून गावात परतलो.

अभ्यागत केंद्राच्या वाहनतळाला दोष द्यावा असे काही त्यात नाही. जागा मोकळी आणि आखीव आहे, स्वच्छतागृहे आणि पिण्याच्या पाण्याची सोय शेजारीच आहे, आणि दरीत जाणाऱ्या बसचा पहिला थांबाही तिथून दोन मिनिटांवर आहे. वेगळे पैसे पडत नाहीत, प्रवेशशुल्कातच सगळे येते. त्यामुळे ज्याला सकाळी पहिल्या बसच्या आधी तिथे पोहोचणे शक्य आहे, त्याच्यासाठी याहून चांगला पर्याय नाही. अडचण एवढीच की वसंतापासून शरदापर्यंत बहुतेक दिवशी हा तळ सकाळीच भरतो आणि दुपारपर्यंत पुन्हा मोकळा होत नाही. दरीतल्या पायवाटा तीन-चार तासांच्या असल्यामुळे सकाळी लावलेली गाडी दुपारी अडीच-तीनपूर्वी हलण्याचे कारणच नसते. नऊ वाजता येऊन तिथे जागेची वाट पाहत फिरणे म्हणजे आपला वेळ जाळणे आहे, आणि मी तो जाळला असल्यामुळे हे खात्रीने सांगतो.

गावातील पार्किंगचा अनुभव संमिश्र होता. स्प्रिंगडेल हे उद्यानाला अगदी खेटून वसलेले लहानसे गाव आहे आणि त्याचा एकच मुख्य रस्ता आहे. त्या रस्त्याच्या कडेला आखलेल्या जागांमध्ये पैसे भरून गाडी लावता येते. दर विभागानुसार ठरतो, म्हणजे प्रवेशद्वाराच्या जितके जवळ तितके अधिक पैसे. ही रचना मला न्याय्य वाटली, कारण दूर गाडी लावणाऱ्याला गावची मोफत बस उचलून प्रवेशद्वारापर्यंत आणून सोडते आणि त्याचे फारसे काही अडत नाही. घाईत असलेल्या आम्ही मात्र पहिल्या दिवशी रस्त्याकडेची जागा शोधण्याऐवजी एका खासगी जागेत गाडी घातली. आत शिरताना तेथील माणसाने दिवसभराचे पैसे घेतले आणि संध्याकाळपर्यंत निश्चिंत राहा, असे तोंडी सांगितले. परत येऊन पाहतो तो काचेवर जादा आकारणीची चिठ्ठी होती. जागेच्या मागच्या कोपऱ्यात, उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीमुळे सकाळी झाकलेला एक फलक होता आणि त्यावर ठरावीक तासांनंतर पुन्हा पैसे भरण्याची अट लिहिलेली होती. सकाळचा माणूस तोवर निघून गेला होता. रक्कम मोठी नव्हती, पण दिवसभर चालून आलेल्या माणसाला अशा रीतीने गाठणे मला अजूनही खटकते. म्हणून माझे सांगणे असे आहे की, खासगी जागेत गाडी लावायचीच असेल तर आधी सगळे फलक फिरून वाचावेत, पावतीवर किती वाजेपर्यंतचे पैसे घेतले आहेत ते बघावे आणि फलकाचे व पावतीचे छायाचित्र काढून ठेवावे. रस्त्याकडेच्या अधिकृत जागेत यंत्रावर गाडीचा क्रमांक घालताना भाड्याची गाडी असेल तर तो पाठ नसतो; यंत्रापाशी जाण्यापूर्वीच क्रमांकाच्या पाटीचे छायाचित्र काढले की परत धावावे लागत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही ठरवले की उद्या गाडीला हातच लावायचा नाही. आमचे राहण्याचे ठिकाण गावातील बसच्या मार्गावर होते आणि तिथे पाहुण्यांना गाडी लावण्यासाठी जागा होती, म्हणजे पहिल्या दिवशीही गाडी काढण्याची काही आवश्यकता नव्हती. स्प्रिंगडेलच्या मार्गावर एकूण नऊ थांबे आहेत; त्यांचे क्रमांक उद्यानाकडून गावाच्या दुसऱ्या टोकाकडे वाढत जातात. ही बस जिथे सोडते तिथून काही पावलांवर पादचाऱ्यांचे प्रवेशद्वार आहे, आणि नदीवरचा छोटा पूल ओलांडला की आपण थेट अभ्यागत केंद्राच्या अंगणात असतो. तिथून दरीची बस मिळते. या दोन वेगवेगळ्या बस आहेत, एकच बस गावातून थेट दरीत जात नाही, हे पहिल्यांदा येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आमच्या शेजारी बसलेले एक कुटुंब शेवटच्या थांब्यावर उतरायला तयार नव्हते, चालकाने दोनदा समजावून सांगितल्यावर ते खाली आले. पायी आलो तरी प्रवेशशुल्क चुकत नाही. परंतु गाडीसह भरलेल्या शुल्काची पावती सात दिवस चालते, त्यामुळे आदल्या दिवशीची पावती आणि ओळखपत्र दाखवून आम्हाला पुन्हा पैसे न भरता आत जाता आले.

आता मुख्य सेवेविषयी, म्हणजे दरीतील शटल बसविषयी. तिला तिकीट नाही, आरक्षण नाही, पैसे नाहीत. रांगेत उभे राहायचे आणि बस आली की चढायचे. दरीत नऊ थांबे आहेत आणि एंजल्स लँडिंगसाठी सहाव्या थांब्यावर, ग्रॉटो येथे, उतरायचे असते. २०२४ सालापासून या मार्गावर संपूर्णपणे विजेवर चालणाऱ्या ३० बस धावत आहेत. त्यापूर्वी प्रोपेन वायूवर चालणाऱ्या बस होत्या. विजेच्या बसचा मोठेपणा चढ चढताना नव्हे, थांब्यावर उभी असताना कळतो. ग्रॉटोला उतरून आम्ही पिशव्यांचे पट्टे आवळत होतो तेव्हा बस आमच्या मागून निघून गेली आणि ती गेल्याचे मुलीने सांगितल्यावर मला समजले. कानावर पडत होता तो नदीच्या पाण्याचा आवाज. राष्ट्रीय उद्यानाच्या दरीत एवढ्या माणसांची ने-आण होत असताना पाण्याचा आवाज ऐकू यावा, ही या सेवेची सर्वांत मोठी कमाई आहे असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशीचे वेळापत्रक सांगतो, कारण परवान्याच्या वेळेशी त्याचा थेट संबंध आहे. १ एप्रिल २०२२ पासून वाटेवरील स्काउट लुकआउट या ठिकाणाच्या पुढे, साखळ्यांच्या टप्प्यावर जाण्यासाठी परवाना अनिवार्य आहे आणि तो सोडतीने मिळतो. हंगामाची सोडत आगाऊ निघते, आणि तीत नशीब साथ देत नाही त्यांच्यासाठी आदल्या दिवशीची सोडत असते. तिचा अर्ज दुपारी तीनपर्यंत करता येतो आणि निकाल चार वाजता कळतो. अर्जाचे ६ डॉलर आणि सोडत लागली तर माणशी ३ डॉलर पडतात. एका अर्जावर सहा जणांपर्यंत नावे घालता येतात. परवान्यावर चढाई सुरू करण्याची वेळ नमूद असते : सकाळी नऊपूर्वी, नऊ ते बारा या वेळात किंवा बारानंतर. अर्ज करताना लोक केवळ उन्हाचा विचार करून सर्वांत सकाळची वेळ निवडतात, तशी आम्हीही निवडली होती. पण परवान्यावरची वेळ ग्रॉटोपासून मोजली जाते, आपल्या अंथरुणापासून नाही. नऊपूर्वी ग्रॉटोवर असायचे तर आठपूर्वी बसच्या रांगेत असायला हवे, आणि त्याआधी गावातून तिथवर यायला हवे.

इथे एक बारकावा आम्हाला आयत्या वेळी कळला. आम्ही गेलो त्या काळात दरीतील पहिली बस गावातील पहिल्या बसच्या बरीच आधी सुटत होती. म्हणजे ज्याला दरीची पहिली बस धरायची आहे, त्याला गावची बस उपयोगाची नाही. त्याने एक तर चालत यावे किंवा गाडी आणून अभ्यागत केंद्रावर लावावी. वेळापत्रक ऋतूनुसार बदलते, म्हणून आपण जाल त्या आठवड्याचे दोन्ही मार्गांचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून वाचावे. आम्ही चालत जायचे ठरवले. पहाटे सहा वाजता, अंधारात, डोक्याला दिवे बांधून आम्ही तिघे गावच्या मुख्य रस्त्याने निघालो. आई मागाहून गावच्या बसने येणार होती. अर्ध्या तासात पूल ओलांडला तेव्हा पूर्वेकडचे कडे नुकतेच काळ्याचे करडे होत होते आणि रांगेत आमच्या आधी साठ-सत्तर माणसे उभी होती. लोक शांतपणे उभे होते, कोणी मध्ये घुसत नव्हते, आणि रांग नागमोडी कठड्यांमधून वळवलेली असल्यामुळे तिची लांबी प्रत्यक्षापेक्षा भीतिदायक वाटत होती. पहिली बस आमच्या डोळ्यांदेखत भरून गेली, दुसरीत आम्हाला जागा मिळाली आणि पावणेआठच्या आत आम्ही ग्रॉटोवर होतो. तिथे पाणी भरून घेण्याची सोय आणि स्वच्छतागृह आहे. रस्ता ओलांडला की नदीवरचा पूल आणि पलीकडे चढाई. जाऊन-येऊन ८.७ किलोमीटरची आणि सुमारे ४५० मीटर चढाची ही वाट आम्हाला विश्रांतीसह साडेचार तास पुरली.

जे चढत नाहीत त्यांच्यासाठी ही बस काय करते, हे आईच्या दिवसावरून सांगता येईल. आदल्या रात्री ती म्हणाली होती, "तुम्ही चढून या. मी आपली बसने शेवटपर्यंत जाऊन येते, माझी काळजी करू नका." बसचा उतार जमिनीला टेकतो, त्यामुळे चाकाची खुर्ची किंवा काठी घेऊन येणाऱ्यांना पायरी चढावी लागत नाही. आईला काठी टेकत येताना पाहून चालकाने ती खिडकीशी नीट बसेपर्यंत गाडी हलवली नाही आणि पुढच्या आसनावरच्या दोन तरुणांनी न सांगता जागा करून दिली. ती टेंपल ऑफ सिनावावापर्यंत गेली, नदीकाठच्या फरसबंद वाटेवर जमेल तितके चालली, परत येताना लॉजच्या थांब्यावर उतरली आणि तिथल्या हिरवळीवरच्या भल्यामोठ्या झाडाखाली आमची वाट पाहत बसली. भेटण्याची जागा आणि वेळ आम्ही आधीच ठरवून ठेवली होती, आणि ते फार बरे झाले, कारण दरीत मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज मिळत नाही. वयस्कर माणसांना घेऊन येणाऱ्यांना मी हेच सुचवीन. ग्रॉटो ते लॉज ही वाट सपाट आणि जेमतेम पाऊण किलोमीटरची आहे, तेव्हा खाली उतरल्यावर बसची वाट न पाहता चालतच लॉज गाठता येते.

परतीचा प्रवास हा या सेवेचा कमकुवत भाग आहे. सकाळी सगळी माणसे एकाच थांब्यावरून चढतात, त्यामुळे रांग लागली तरी ती शिस्तीत पुढे सरकते. दुपारी मात्र तीच माणसे पाच-सहा थांब्यांवर विखुरलेली असतात. दरीच्या टोकाकडून निघालेली बस तिथेच भरते आणि ग्रॉटोला येते तेव्हा तीत दोन-चार जणांपुरतीच जागा उरलेली असते. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ग्रॉटोच्या थांब्यावर उभे असताना आमच्यासमोरून लागोपाठ तीन बस अशा जवळजवळ भरलेल्या गेल्या. थांब्यावर सावली थोडी होती आणि लोक बराच चढ उतरून दमलेले होते. एका बाईने पायातला बूट काढून टाच पाहिली तर मोजा रक्ताने चिकटलेला होता. तिला उभ्याउभ्या चाळीस मिनिटे काढावी लागली. आम्ही शेवटी रस्त्याच्या पलीकडे जाऊन वर जाणारी बस पकडली. ती रिकामी होती. तिने दरीच्या टोकाला गेलो, तिथल्या रांगेत उभे राहिलो आणि खाली येणाऱ्या बसमध्ये बसून परतलो. वेळ तेवढाच लागला, पण तो सावलीत आणि बसून गेला, आणि वाटेतले कडे दुसऱ्यांदा पाहायला मिळाले. या युक्तीची पाटी थांब्यावर कोणी लावत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

खाण्याच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे : बसमध्ये पाण्याखेरीज काही खायचे-प्यायचे नाही. पाळीव प्राण्यांनाही बसमध्ये प्रवेश नाही. ज्यांच्याबरोबर कुत्रा आहे त्यांना दरीतली चढाई करायची असेल तर त्याची सोय गावातच करून यावे लागते. गाडीत त्याला कोंडून ठेवण्याचा विचारही करू नये, कारण उन्हाळ्यात इथले तापमान ३८ अंशांच्या वर जाते.

सायकलीचा पर्याय मला मनापासून आवडला, जरी आम्ही तो केवळ संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी वापरला. अभ्यागत केंद्रापासून पारूस नावाची फरसबंद वाट नदीच्या काठाने कॅन्यन जंक्शनपर्यंत जाते. तिथून पुढे मोटारींना बंद असलेल्या रस्त्यावरून थेट दरीच्या टोकापर्यंत सायकल चालवता येते. मागून बस आली की बाजूला थांबून तिला पुढे जाऊ द्यावे लागते, एवढीच अट. थकवा आला तर बसच्या पुढच्या बाजूला सायकल अडकवण्याची सोय आहे, मात्र एका बसवर दोन-तीनच सायकली मावतात. ज्याला रांग नको आहे आणि पायांत ताकद आहे, त्याच्यासाठी ग्रॉटोला पोहोचण्याचा हा सर्वांत मुक्त मार्ग ठरेल. चढाईनंतर परतीची वाट उताराची आहे, हेही त्यात आले.

लास वेगासकडून येणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. युटाचे घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असते. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, पण भाड्याच्या गाडीतले घड्याळ जुनीच वेळ दाखवत राहते. लास वेगासहून स्प्रिंगडेलचे अंतर सुमारे २६० किलोमीटर आहे. पहाटे निघून त्याच दिवशी सकाळच्या परवान्यावर चढण्याचा बेत केलेल्यांचा हा एक तास पार्किंगच्याही आधी खर्च होतो. उद्यानाला रेल्वे नाही, त्यामुळे गाडी न चालवणाऱ्यांनी सेंट जॉर्ज शहरापर्यंत येऊन तिथून खासगी व्हॅनची सोय पाहावी. एकदा स्प्रिंगडेलमध्ये पोहोचले की पुढे गाडीवाचून काहीच अडत नाही.

पूर्वेकडून, म्हणजे ब्राइस कॅन्यनच्या बाजूने येणाऱ्यांची वाट १९३० साली खुल्या झालेल्या झायन–माउंट कार्मेल बोगद्यातून येते. तो सुमारे १.८ किलोमीटरचा आणि अरुंद आहे, त्यामुळे मोठ्या वाहनांवर निर्बंध आहेत. मोठे वाहन घेऊन येणार असाल तर त्या दिवशी लागू असलेला नियम आधीच पाहून ठेवावा. शटल बस या बाजूला येत नाही. पूर्वेकडून आलेल्यांनाही उतरत येऊन, कॅन्यन जंक्शनवर दरीकडे न वळता, अभ्यागत केंद्रापर्यंत यावेच लागते आणि तिथे आधी सांगितलेली जागेची चणचण त्यांची वाट पाहत असते. हिवाळ्यात बस बंद असते तेव्हा दरीत गाडी नेता येते, परंतु ग्रॉटोचा वाहनतळ लहान आहे आणि दरीतले तळ भरले की रस्ता तात्पुरता बंद केला जातो. हिवाळ्यात गेलेल्या एका परिचितांना असेच दीड तास थांबावे लागले होते.

एकूण विचार करता दरीतील बससेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. स्वच्छता, चालकांचे वागणे, फेऱ्यांची संख्या आणि वयस्कर माणसांसाठी केलेली सोय या चारही बाबतींत मला खोट काढता येत नाही. गावच्या बसला चार देतो, आणि दरीच्या पहिल्या बसशी तिची वेळ जुळती तर पाचही दिले असते. उद्यानातील वाहनतळाला गुण देणे मला रास्त वाटत नाही, कारण त्याचा उपयोग सर्वस्वी आपण किती वाजता पोहोचतो यावर ठरतो. माझ्यापुरता निर्णय झालेला आहे : पुढच्या वेळी राहण्याची जागा निवडताना खोलीतून काय दिसते ते न पाहता तिथून पादचारी प्रवेशद्वार किती मिनिटांवर आहे ते पाहीन, आणि मुक्काम संपेपर्यंत गाडीची किल्ली कपाटात ठेवीन.

उद्यानाच्या व्यवस्थापनाकडे एक विनंती मात्र करावीशी वाटते. शेवटच्या बसची वेळ अभ्यागत केंद्रावर आणि थांब्यांवर लिहिलेली असते, पण जिथे तिची आठवण खरोखर व्हायला हवी तिथे, स्काउट लुकआउटवर, ती मला कुठे दिसली नाही. बारानंतरच्या परवान्यावर चढणारी माणसे तिथे बसून विसावतात, पुढे जावे की परतावे याचा विचार करतात, आणि त्या क्षणी त्यांच्यासमोर त्या दिवसाच्या शेवटच्या बसची वेळ असणे गरजेचे आहे. ती चुकली तर ग्रॉटोपासून अभ्यागत केंद्रापर्यंत सुमारे आठ किलोमीटर अंधारात चालावे लागते. आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री साडेनऊच्या सुमारास एक जोडपे तसेच चालत गावात आले. त्यांच्या मोबाइलचा दिवा विझत आला होता, आणि आमच्या निवासाच्या फाटकापाशी थांबून त्यांनी आधी पाणी मागितले आणि मग गावची बस अजून चालू आहे का, असे विचारले. ती बंद झालेली होती. त्यांची गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला, नवव्या थांब्याजवळ होती. त्या रात्री कपाटातून किल्ली काढून मी त्यांना तिथवर सोडून आलो.